आमच्या भिंतीवरची पाण्याची रेघ

२०२५ सालच्या मे महिन्यात पावसाने आम्हाला बेसावध गाठले. २६ तारीख होती. अम्मीच्या मिरच्या गच्चीवर चादरीवर पसरलेल्या, हळद कांडायची राहिलेली, सुके बोंबील आणि जवळा अजून बाजारातून आणायचा होता आणि कारखान्याच्या पत्र्याला डांबर लावणारा माणूस ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो’ असे सांगून गेलेला. सकाळी आभाळ असे काही भरून आले की घरातली लहानथोर सगळी माणसे गच्चीकडे धावली. निम्म्या मिरच्या वाचल्या, निम्म्या भिजल्या. त्याच दिवशी हवामान खात्याने सांगितले की मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला आहे आणि गेल्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर कधी आलेला नव्हता. एरवी आमच्या भागात त्याची तारीख ११ जूनची.

अम्मी ओल्या मिरच्यांची चादर घेऊन जिन्यात उभी राहिली आणि म्हणाली, “मिरगाच्या आधीच सगळा ओतून मोकळा झाला. आता मिरगाला काय करणार हा?”

कोकणातल्या घरांना आगोट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाशी चार महिन्यांची बेगमी करायची, त्या दिवसांना आगोट म्हणतात. मसाला, कांदे, सुकी मासळी, पापड, सरपण, ताडपत्री, छपराची डागडुजी, सगळे त्या पंधरा दिवसांत. आमच्या दादीच्या काळी तर घराची कौले उतरवून पुन्हा रचायची असत. त्या वर्षी ७ जूनला बकरी ईद होती. म्हणजे आगोट नाही, छपराची दुरुस्ती नाही, आणि ईद आली ती चिखलातून. बकरे जिन्याखाली बांधावे लागले. मुलांना मात्र तीच मजा वाटली.

भिवंडी म्हटले की लोकांना लूम आठवतात, दंगली आठवतात, आता गोदामे आठवतात. नदी कुणाला आठवत नाही. आमच्या शहराला कामवारी नावाची नदी आहे. तालुक्यातल्या डोंगरांतून ती येते आणि पुढे खाडीला मिळते. खाडीत समुद्राची भरती चढते. भरती असताना वरून मोठा पाऊस आला की नदीचे पाणी खाडीत उतरत नाही, ते मागे फिरते आणि गटारांतून उलटे वर येते. मग ईदगाह रोड, खाडीपार, तीनबत्तीचा बाजार आणि आमची खालची आळी. पाण्याला रस्ता पाठ आहे.

घर दादांनी बांधलेले. तेव्हा तीन पायऱ्या चढून घरात जायचे, असे अब्बा सांगत. मग रस्त्यावर खडी आली, खडीवर डांबर, डांबरावर सिमेंट. दर वेळी जुना थर न काढता त्यावर नवा थर. एकेक पायरी रस्त्याने गिळली. आमच्या मुलांनी पायरी चढून घरात जाणे पाहिलेच नाही, ती एक पायरी उतरून घरात येतात. हे काम करणाऱ्यांना आम्ही चार अर्ज दिले. उत्तर एकाचेही आले नाही. जाऊ दे.

दमट हवेत राहणे ही एक वेगळीच कसरत आहे. आमचे नागपूरचे पाहुणे मे महिन्यात येतात तेव्हा पहिल्या दिवशी हसतात. त्यांच्याकडे ४५ अंश, आमच्याकडे ३५. तिसऱ्या दिवशी तेच म्हणतात, तुमचे ३५ आमच्या ४५ पेक्षा वाईट. कारण साधे आहे. घाम सुकला तर अंग थंड होते, आणि हवेत आधीच पाणी भरलेले असेल तर घाम सुकतच नाही. माठातले पाणीही आमच्याकडे त्यांच्याइतके गार होत नाही, ते याच कारणाने. ऑक्टोबरचे तर विचारूच नका. पाऊस संपलेला, आभाळ स्वच्छ, ऊन थेट, आणि जमीन अजून ओली. त्या वाफेत अम्मीला दरवर्षी चक्कर येते आणि दरवर्षी ती म्हणते की हे याच वर्षी झाले.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात, लग्नातली शेरवानी काढावी तर कॉलरवर पांढरी बुरशी. जानमाजींना असा वास येतो की सजद्यात श्वास धरावा लागतो. दादी कोळशाच्या शेगडीवर बांबूचे डालगे उपडे घालून त्यावर ओले कपडे वाळवायची आणि निखाऱ्यावर चिमूटभर लोबान टाकायची. आता शेगडी नाही. पंख्याखाली दोरी असते आणि वास तसाच राहतो. कपाटात कडुनिंबाचा पाला मात्र अजून घालतो.

पण हीच दमट हवा आमची रोजी होती, तेही सांगायला हवे. सुती धागा ओलसर हवेत मजबूत राहतो, कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो आणि पटापट तुटतो. इंग्लंडात लँकेशायरला कापडगिरण्या वाढल्या त्याचे एक कारण तिथली ओली हवा सांगतात. मुंबईच्या गिरण्यांनाही समुद्राचा तोच फायदा होता. अब्बा सकाळी कारखाना उघडला की आधी ताण्यावर तळहात फिरवत आणि मग सांगत की आज किती तार तुटणार. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की आम्ही फरशीवर पाणी शिंपडायचो, गोणपाट भिजवून खिडक्यांना टांगायचो. पॉलिस्टरचे बीम असेल तर कोरड्या हवेत त्यात वीज भरते, धागे एकमेकांना चिकटतात आणि हात लावला की चटका बसतो. पावसाळ्यात सगळे उलटे. ताण्याला लावलेली खळ पाणी ओढते, चिकट होते, चार दिवस लूम बंद राहिला तर बीमवर बुरशीचे ठिपके पडतात. फणीला गंज चढतो आणि त्याची बारीक तांबडी रेघ थेट कापडात उतरते. मग तागा व्यापाऱ्याकडे गेला की मजुरीतून पैसे कापले जातात. अब्बा म्हणत, “हवेचा हिशेब व्यापारी आपल्या खात्यावर लिहितो.”

ही मजुरीची गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवावी. आमच्या आठ लूमवर कापड आमचे नसे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. आम्ही फक्त विणून द्यायचो.

२६ जुलै २००५ हा मंगळवार होता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३. आमच्या आळीत पाऊस मोजायला कुणी नव्हते. दुपारी जोहरनंतर लाइट गेली आणि लूम थांबले. भिवंडीत लूम थांबले की एक विचित्र शांतता होते, ती कानाला टोचते. त्या शांततेत आधी पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला आणि मग गटाराचा गुडगुड आवाज. असरपर्यंत पाणी पोटरीला लागले. मगरिबला कमरेला.

कारखाना घराला लागूनच. आदल्या दिवशी व्यापाऱ्याकडून सुताच्या चौदा गोण्या आल्या होत्या. अब्बा आणि आमच्यातले जे त्या वेळी घरी होते ते सगळे त्या गोण्यांना भिडलो. एकेक गोणी दोघांनी धरायची, अंधारात, पाण्यातून, लाकडी जिन्याने माळ्यावर चढवायची. बीम हलवणे शक्यच नव्हते. ती तशीच लूमवर राहिली. मोटारी बुडताना आम्ही पाहिल्या. अब्बा एकच म्हणत होते, “आपलं जाऊ दे, अमानत आधी.” अम्मीने फळीवरचे कुरआन शरीफ जुजदानासकट छातीशी धरून वर नेले, मग तांदळाचा डबा, मग दोन गाद्या. चौदाच्या चौदा गोण्या वाचल्या.

रात्री आम्ही मशिदीच्या वरच्या मजल्यावर होतो. समोरचे सुतारकाका, त्यांची आई आणि सुना, आळीतले मजूर, सगळे तिथेच. मौलवीसाहेबांनी आधीच कुलूप काढून ठेवले होते. इशाची अजान भोंग्याशिवाय झाली आणि मोठ्या पावसात ‘आपापल्या जागी नमाज पढा’ असे पुकारण्याची जी सवलत आहे, ती मुअज्जिनने पुकारली. अर्धी आळी मशिदीतच बसलेली होती. त्या स्थितीतही कुणीतरी हसले. सुतारकाकांच्या आईला कोरडे लुगडे नव्हते, अम्मीने आपली चादर दिली. पहाटेपर्यंत कुणी फारसे बोलले नाही.

सकाळी पाणी उतरले आणि भिंतीवर रेघ दिसली. वरचा चुना पांढरा, खाली चॉकलेटी. अब्बांनी कापड मोजायच्या टेपने ती मोजली. चार फूट दोन इंच, अम्मीच्या खांद्याला बरोबर. चिखल काढताना पलंगाखालची पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात घरातले सगळे कागद होते. घराचे कागद, रेशनकार्ड, अम्मी-अब्बांचा निकाहनामा, आम्हा सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले. रात्री ती कुणालाच आठवली नव्हती.

आम्ही सुताच्या दोऱ्या ताणल्या आणि त्यांवर कागद वाळत घातले. त्या दिवशी एक गोष्ट कळली. छापलेले आणि टाइप केलेले टिकते, बॉलपेनचे बरेचसे टिकते, शाईच्या पेनाचे धुऊन जाते. शाळांचे दाखले शाईचे होते. मुख्याध्यापकांचा गोल शिक्का उरला आणि आतले नाव, जन्मतारीख, इयत्ता सगळे फिकट निळ्या डागात बुडाले.

तीन आठवड्यांनी व्यापाऱ्याने आपले सूत तपासून नेले. ओल धरली म्हणून थोडी रक्कम कापली. अब्बांनी वाद घातला नाही.

कागदांची खरी किंमत नंतर कळली. आमची धाकटी बहीण घरात, सुईणीच्या हातून जन्मलेली. तिची जन्मनोंद कुठेच नव्हती, शाळेचा दाखला हाच काय तो पुरावा. २००९ च्या शेवटी तिची मंगनी झाली. मुलगा नात्यातला, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरात नोकरीला. आता पासपोर्ट हवा, पासपोर्टला जन्मतारीख हवी. शाळेत गेलो तर शाळेचे त्या वर्षांचे रजिस्टरही त्याच पुरात भिजलेले. एका कचेरीने सांगितले शाळेचे पत्र आणा, शाळा म्हणाली पोलिसांकडून कागद हरवल्याची नोंद आणा, ठाण्यात विचारले पाच वर्षांपूर्वीच्या पुराची नोंद आज कशी करायची. एका साहेबांनी तर विचारले, “पुरात फक्त कागदच कसे गेले, घर कसं नाही गेलं?” या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आजही सुचलेले नाही. शेवटी बालवाडीच्या जुन्या बाईंच्या आठवणीतून कळले की पहिली-दुसरीची पटनोंद वेगळ्या वहीत, वरच्या मजल्यावरच्या कपाटात असे. तिथे नाव सापडले. त्यात आडनावाचे स्पेलिंग वेगळे निघाले, मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र. सगळे मिळून चौदा महिने. मुलाकडचे लोक भले, म्हणून थांबले. मोहल्ल्यात मात्र कुजबुज सुरू झाली होती की मंगनी मोडणार. धाकटी त्या दिवसांत जेवायला आमच्याबरोबर बसायची नाही.

अब्बांनी ते सगळे स्वतःवर घेतले. “चौदा गोण्या उचलल्या, एक पेटी नाही उचलली,” असे ते कधीही, काहीही चालू असताना मध्येच म्हणायचे. आम्ही समजावायचो की अमानत वाचवली, अल्लाहने त्याचा मोबदला ठेवला असेल. ते मान हलवायचे. २०१४ च्या पावसाळ्यात त्यांचा इंतकाल झाला. त्या दोन गोष्टींत काय आधी करायला हवे होते, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. अम्मी म्हणते, त्यांनी केले तेच बरोबर. थोरल्या भाभीचे म्हणणे, पेटीलाही पाचच मिनिटे लागली असती. दोघींचे खरे आहे.

धाकटी २०११ च्या शेवटी ब्रिस्बेनला पोहोचली. पहिल्याच फोनवर म्हणाली, “अम्मी, आमच्या भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये भिंतीवर रेघ आहे.” त्याच जानेवारीत तिथे मोठा पूर येऊन गेला होता. शहरातली नदी ४.४६ मीटरपर्यंत चढली होती. त्याआधीचा मोठा पूर १९७४ चा, ५.४५ मीटरचा. त्यानंतर नदीवर वायव्हनहो नावाचे मोठे धरण बांधले आणि आता पूर येणार नाही असे लोक धरून चालले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तिला ही हकिकत सांगितली आणि धाकटीला वाटले की बाई आमच्या आळीतल्याच आहेत.

तिथला हिशेब उलटा आहे. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिच्याकडे घामाच्या धारा आणि वादळे. नोव्हेंबर ते मार्च. सकाळी कडक ऊन, दुपारी हवा अशी जड की चादर पांघरल्यासारखी, आणि चार वाजता पश्चिमेकडून काळे ढग. कधी ढगांच्या पोटाला हिरवट छटा येते, मग लोक गाड्या छपराखाली घेतात, कारण गारा पडणार. अर्ध्या तासात सगळे संपते. आपला पाऊस आला की चार दिवस बसतो, तिचा पाऊस दार आपटून निघून जातो. तिथली जुनी घरे लाकडी खांबांवर उभी, खालून वारा आणि वेळ पडली तर पाणीही निघून जावे म्हणून. फोटो पाहून अम्मी म्हणाली, “आपल्या दादांनी तीन पायऱ्या बांधल्या त्या काय वेगळ्या होत्या?” खरेच, कोकणातले उंच जोते आणि ओटा म्हणजे तेच शहाणपण. फरक इतकाच की त्यांचे खांब कुणी रस्त्याखाली गाडले नाहीत.

आणखी एक फरक आहे, त्याचा आम्हाला हेवा वाटतो. तिथल्या महापालिकेकडे घराचा पत्ता दिला की त्या जागेला पुराचा धोका किती, पाणी कोणत्या पातळीपर्यंत येऊ शकते, ते लिहून मिळते. घर भाड्याने घेण्याआधी माणूस बघू शकतो. आमच्याकडे ते काम भिंतीवरची रेघ करते आणि भाडेकरूला घर दाखवण्याआधी लोक तिच्यावर रंग मारतात.

२०२२ च्या फेब्रुवारीअखेर ब्रिस्बेनला तीन दिवसांत ६७० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि नदी ३.८५ मीटरवर गेली. आम्ही इकडे रात्रभर जागे. नारिंगी कपड्यांतले स्वयंसेवक दारोदार फिरत होते, लोक वाळूच्या गोण्या भरत होते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी थांबले. पहाटे तिचा फोन आला, “अम्मी, सगळ्यात आधी कागदांचा डबा गाडीत ठेवला.” अम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “आणि त्या म्हातारीचं कुणी बघितलं का?” धाकटी म्हणाली, “ती पुढच्या सीटवर बसली आहे.”

पावसाची आणि आमच्या महिन्यांची एक वेगळी गंमत आहे. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, म्हणून रमजान तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. १९८० चा रमजान जुलैत होता. अब्बा त्याच्या आठवणी सांगत. २०१३ चाही जुलैत आला, तो आम्ही अनुभवला. त्या महिन्यात सूर्य बुडताना दिसतच नाही, घड्याळ आणि अजान हाच आधार. भजी तळायची तर डाळीचे पीठ आधी कढईवर शेकून घ्यावे लागे. चाँदरात तर ढगांतच जाते. गच्चीवर छत्र्या घेऊन उभे राहायचे, काही दिसायचे नाही, आणि साक्ष आली नाही तर तीस रोजे पूर्ण. मुलांची निराशा बघवत नसे.

आम्ही कोकणी म्हणून शाफई, आणि आळीतले निम्मे लोक हनफी. शाफई मसलकात मोठ्या पावसात मशिदीत मगरिबबरोबर इशा मिळवून पढण्याची सवलत आहे, हनफी मसलकात पावसासाठी तशी नाही. त्यामुळे पावसाच्या रात्री आमची मशीद लवकर रिकामी होते आणि शेजारचे चाचा छत्री सावरत दुसऱ्यांदा बाहेर पडतात. “तुमचं बरं आहे,” असे ते दर पावसाळ्यात एकदा तरी म्हणतात. या गोष्टीवरून आमच्या आळीत कधी वाद झालेला नाही.

अलीकडे मात्र आभाळाचा काही भरवसा राहिलेला नाही. २०१९ मध्ये पाऊस २५ जूनला आला आणि दिवाळीपर्यंत रेंगाळला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. २०२१ ला रमजान ईद होऊन तीन दिवस झाले होते, १७ मे रोजी तौक्ते मुंबईजवळून समुद्रातून गेले आणि आमच्या कारखान्याचे चार पत्रे शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडले. त्याच वर्षी बकरी ईद २१ जुलैला, कोरोनामुळे नमाज घरीच, बाहेर पाऊस. त्या आठवड्यात पाणी घरात घोट्यापर्यंत आले. दुसऱ्या दिवशी चिपळूण बुडाले, तिथल्या आमच्या खालाचा फोन दोन दिवस लागत नव्हता.

आणि २१ सप्टेंबर २०२० ची पहाट. पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. आमच्या घरापासून ती जागा लांब नाही. त्या दिवसापासून आम्ही आमच्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ओल कुठवर चढली आहे, सळी कुठे फुगली आहे, स्लॅबचा कोणता तुकडा पोकळ वाजतो. पावसाळ्यात रात्री प्लॅस्टरचा खडा पडला तरी तिघे भाऊ उठून बसायचो.

घर विकून कल्याणकडे नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर जावे, असे धाकट्या भावाचे मत. विकासकाचा माणूस दोनदा येऊन चहा पिऊन गेला. थोरल्याचे मत, कारखाना आहे तोवर हलायचे नाही. पण कारखाना म्हणजे तरी काय उरले होते? आठपैकी चार लूम भंगारात गेले होते, भाव किलोवर मिळाला. अम्मीला विचारले तर ती म्हणाली, “पाचव्या मजल्यावर माझी मय्यत उतरवताना तुमची कंबर मोडेल.” यावर काय बोलणार?

शेवटी २०२५ च्या त्या लवकर आलेल्या पावसाने निकाल लावला. लागोपाठ पाच महिने घर ओले होते. इंजिनिअरला बोलावून खांब तपासून घेतले, दोन नव्याने बांधावे लागले. डिसेंबरात खालची जमीन दोन फूट भरून घेतली. पुन्हा रस्त्यापेक्षा उंच झालो. त्याची किंमत म्हणजे छत खाली आले, उंच नातवाचा हात पंख्याला लागतो म्हणून तो पंखाच काढला. झोपायच्या खोल्या आणि कागद वरच्या मजल्यावर. सगळ्या कागदांच्या छायाप्रती काढून एक संच ब्रिस्बेनला पाठवला, एक खालाकडे. हा खर्च म्हणजे शहाणपण झाले की हट्ट, ते चार-पाच पावसाळे गेल्यावर कळेल. धाकटा भाऊ अजून तोंड फिरवून बसतो.

गिलावा करताना गवंड्याने रेघेपाशी हात थांबवला. “अम्मी, हे पण घेऊ का चुन्यात?” रेघ आता नव्या जमिनीपासून फक्त दोन फूट दोन इंचांवर आली आहे. अम्मीने खुर्ची ओढून तिच्यासमोर बसून पाहिले. मग वीतभर जागा तशीच सोडायला सांगितली, पलंगाच्या मागची, जिथे पेटी असायची.

जानेवारीत धाकटीचा फोन आला तेव्हा मागे ढगांचा गडगडाट ऐकू येत होता. इथे अम्मी शाल घेऊन उन्हात बसली होती. तिने तिकडच्या पावसाची चौकशी केली, नातवाला सर्दी आहे का विचारले आणि मग आमच्याकडे वळून सांगितले की यंदा ईद झाली की लगेच मिरच्या आणा, मेची वाट बघायची नाही.